फक्त ‘टिक’ वाजतं तेव्हा

(पडद्यावर : पत्र्याची शेड. धुळीने माखलेली काळी पल्सर. चावी फिरते, न्यूट्रलचा हिरवा दिवा मिणमिणतो.)

सेल्फचं बटण दाबलं की एकच आवाज : टिक. पुन्हा दाबलं, पुन्हा टिक. इंजिन ढिम्म.

पल्सर बाजारात आली २००१ च्या नोव्हेंबरात. २००३ मध्ये तिला दोन स्पार्क प्लगचं डीटीएस-आय इंजिन मिळालं. त्या काळातल्या १५० सीसी गाड्या आजही गावोगावी गोणपाटाखाली उभ्या सापडतात. इंजिन बहुधा शाबूत असतं, रुसलेला असतो तो सेल्फ. अशा वेळी पहिला सल्ला मिळतो, ‘मोटर गेली, नवी टाका.’ हा सल्ला बहुतेकदा घाईचा असतो. बॅटरीपासून इंजिन फिरवणाऱ्या या मोटरपर्यंतचा रस्ता जेमतेम दोन हातांचा. त्यावरचा एकेक सांधा मीटर (मल्टिमीटर) लावून बघितल्याशिवाय मोटर खोलायची नाही.

आधी कान लावायचे. टिकटिकटिक अशी झड लागली, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा टर्मिनल ढिलं आहे. रिले (बटणाच्या इशाऱ्यावर बॅटरीचा मोठा करंट मोटरकडे सोडणारा स्विच) ओढला जातो, मोटर करंट मागते, व्होल्टेज कोसळतं, रिले सुटतो, आणि तेच पुन्हा. एकच ठाम टिक आली, तर संशय रिलेच्या आतल्या कॉन्टॅक्टवर किंवा मोटरवर. काहीच वाजत नसेल, तर फ्यूज, बटण आणि क्लच लिव्हरखालचा छोटा स्विच बघा. हा स्विच पाण्याने आणि मातीने हमखास चिकटतो. आणि मोटर मोकळी घुंईऽऽ फिरते पण इंजिन हलत नाही, तर दुखणं विजेचं नाहीच.

(पडद्यावर : बाजूचं पॅनेल निघतं. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी.)

बॅटरी काढताना निगेटिव्ह आधी, बसवताना निगेटिव्ह शेवटी. उलटं केलं आणि पाना चासीला टेकला, तर ठिणग्या उडणारच. टर्मिनलवरची बुरशी कोमट पाणी आणि खायच्या सोड्याने धुवा. सोडा सेलच्या बुचातून आत जाता कामा नये.

मीटर १२.६ व्होल्ट किंवा वर दाखवत असेल, तर बॅटरी भरलेली. १२.२ म्हणजे अर्धी. १०.५ च्या आसपास अडकून बसली असेल, तर सहापैकी एक सेल मेलेला आहे, तिच्यावर वेळ घालवू नका. उतरलेली पाण्याची बॅटरी असेल, तर वरच्या रेषेपर्यंत फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, ॲसिड नाही. ९ अँपिअर-तासांच्या बॅटरीला चार्जिंग ०.९ अँपिअरने, दहा-बारा तास. ट्रॅक्टरच्या चार्जरवर तासाभरात ‘फुल’ करून घेतलेली बॅटरी आतून उकळते आणि प्लेटा वाकतात.

खरी परीक्षा बटण दाबल्यावर. सेल्फ फिरत असताना बॅटरीवर किमान साडेनऊ-दहा व्होल्ट टिकले पाहिजेत. नुसतं मोजताना १२.६ आणि बटण दाबताच सात, अशी बॅटरी दिसायला धडधाकट, पण कामाची नाही.

बॅटरी ठीक असेल, तर मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवा. सेल्फ दाबल्यावर ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर अर्थिंग खराब. अर्थिंगची वायर इंजिनाला किंवा चासीला जिथे जोडलेली असते, तिथला बोल्ट सोडवून, खालचा रंग-गंज खरवडून पुन्हा आवळला, की निम्म्या ‘जळालेल्या’ मोटरी जिवंत होतात. कोकणातल्या, चार पावसाळे उघड्यावर काढलेल्या गाडीत तर सुरुवात इथूनच करावी.

आता रिले. त्याच्या दोन जाड टोकांना मीटर लावा. बटण दाबण्याआधी बॅटरीइतकं व्होल्टेज दिसायला हवं, दाबल्यावर जवळजवळ शून्य. टिक वाजूनही आकडा खाली येत नसेल, तर आतले कॉन्टॅक्ट जळाले, रिले बदला. आणि बटण न दाबताच मीटर शून्य दाखवत असेल, तर रस्ता पुढे तुटलाय. मोटरच्या आतले कार्बन (फिरत्या भागाला करंट देणारे ठोकळे) झिजून संपलेत, असं बहुधा निघतं.

(पडद्यावर : मोटर बाहेर येते. टोपी उघडताच काळी भुकटी सांडते.)

मोटर काढताना एक सांभाळा. तिच्या टर्मिनलवरचा बाहेरचा नट सोडवताना आतला नट दुसऱ्या पान्याने धरा, नाहीतर बोल्ट जागेवर फिरतो आणि इन्सुलेशनचा वॉशर फुटतो. उघडण्याआधी बॉडी आणि टोप्यांवर आडवी खूण करा, आणि शाफ्टवरचे पातळ वॉशर कुठल्या क्रमाने निघाले त्याचा फोटो काढा.

कार्बन नव्याच्या निम्म्याहून लहान झाले असतील तर बदलायचे, स्प्रिंगांसकट. कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा कॉम्युटेटर काळवंडलेला असेल, तर ४०० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने गोल फिरवा आणि पट्ट्यांमधल्या खाचा सुईने मोकळ्या करा. त्या खाचांत साठलेली कार्बनची भुकटी दोन पट्ट्या जोडून टाकते. मग मीटर लावा : शेजारच्या पट्ट्यांत कंटिन्युइटी (करंटला सलग वाट) हवी, पट्टी आणि शाफ्ट यांच्यात अजिबात नको. शाफ्टशी जुळली, तर मात्र आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरता भाग, गेलं. आत तेलकट काळा चिखल असेल, तर शाफ्टचं ऑइल सील गळतंय. ते न बदलता नवे कार्बन टाकले, तर तेही त्याच चिखलात बसतील.

बसवताना कार्बन दोऱ्याने मागे खेचून धरायचे आणि आर्मेचर आत गेल्यावर दोरा ओढून घ्यायचा. बाहेरच्या ओ-रिंगला इंजिन ऑइलचं बोट लावा.

घुंईऽऽ करणाऱ्या गाडीचा मामला वेगळा. तिथे मॅग्नेटमागचा (मॅग्नेट म्हणजे इंजिनाबरोबर फिरणारं चुंबकाचं चाक) वन-वे क्लच, म्हणजे मोटरचा जोर एकाच दिशेने इंजिनाला देणारा सांधा, घसरतोय. त्यासाठी डावं कव्हर उघडून मॅग्नेट पुलरने काढावा लागतो. हातोडीने ठोकलेला मॅग्नेट चुंबकत्व सोडतो किंवा फुटतो. पुलर नसेल, तर हे काम गॅरेजवाल्याकडेच द्या.

मोटर बसली तरी लगेच सेल्फ मारू नका. वर्षानुवर्षं उभ्या इंजिनात सिलिंडर कोरडा असतो. दोन्ही प्लग काढून आत चमचाभर इंजिन ऑइल सोडा, किक हाताने पाच-सात वेळा दाबा. इंजिन ऑइल बदला, २०डब्ल्यू-५०, साधारण एक लिटर. टाकीतलं जुनं, उग्र वासाचं पेट्रोल काढून टाका आणि कार्बोरेटरच्या वाटीचा ड्रेन स्क्रू सोडून तळाचा गाळ वाहू द्या. पायलट जेट (मंद चालीत पेट्रोल सोडणारं बारीक भोकाचं नळकांडं) उजेडात धरून बघा. भोकातून आकाश दिसलं पाहिजे. तार घालून कोरू नका, भोक मोठं झालं तर गाडी पेट्रोल पिते.

(पडद्यावर : प्लग जागेवर. चोक वर.)

न्यूट्रल. पाच सेकंद सेल्फ, मग पंधरा सेकंद विश्रांती. सलग दाबून ठेवलेलं बटण नव्या कार्बनचीही वाट लावतं.

दुसऱ्या प्रयत्नात इंजिन खोकतं, तिसऱ्यात पकडतं. आधी पांढुरका धूर येईल. ते प्लगच्या भोकातून घातलेलं ऑइल आहे, दोन-चार मिनिटांत विरेल. तोवर मीटर पुन्हा बॅटरीवर. ॲक्सिलरेटर थोडा वाढवल्यावर आकडा चौदाच्या आसपास गेला, तर चार्जिंग चालू आहे. साडेबारावरच थांबला, तर रेग्युलेटर किंवा मॅग्नेटची कॉइल तपासायला हवी, कारण उद्या सकाळी पुन्हा टिक.

(पडद्यावर : मीटर. १४.१.)