१८६ विरुद्ध १

नमस्कार मंडळी. हातातलं काम चालू ठेवा आणि ऐका, रेडिओचं तेच तर बरं आहे.

आज एका खासदाराबद्दल बोलायचंय. खासदार म्हटलं की आपल्याला रस्ता, उद्घाटन आणि चौकातला फ्लेक्स आठवतो, पण खासदाराला आपण दिल्लीला पाठवतो ते सभागृहात बोलायला, मंत्र्याला प्रश्न विचारायला आणि मत द्यायला. ही तीन कामं लक्षात ठेवा, बोलणं, प्रश्न विचारणं आणि मत देणं, कारण पुढची सगळी गोष्ट त्यातल्या तिसऱ्या कामाची आहे.

खासदार म्हणजे शरद जोशी, शेतकरी संघटनेचे. आमच्याकडे त्यांना नुसतं साहेब म्हणत. जन्म साताऱ्याचा, नोकरी टपाल खात्यात आणि नंतर स्वित्झर्लंडला बर्नमध्ये, युनोच्या टपाल संस्थेत, ती सोडून १९७७ च्या सुमारास चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली आणि स्वतः कसून बघितली. नाशिक जिल्ह्याला त्यांची ओळख सांगायची गरज नाही. १९८० चा नोव्हेंबर आठवा, कांदा आणि ऊस, रस्ता रोको, रेल रोको, खेरवाडीचा गोळीबार, दोन शेतकरी गेले. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा मी पाढ्यांच्या आधी शिकलेय.

हेच जोशी साहेब २००४ ते २०१० अशी सहा वर्षं महाराष्ट्रातून राज्यसभेवर होते. पक्ष स्वतंत्र भारत, सभागृहात जवळजवळ एकटे. सहा वर्षं बोलत राहिले ते एकाच धाग्यावर, शेतकऱ्याला बाजाराचं स्वातंत्र्य द्या आणि तंत्रज्ञानाचं स्वातंत्र्य द्या. सरकार शेतकऱ्याला सबसिडी देतंय असं सगळे म्हणत, तेव्हा ते सांगायचे की भाव पाडून, निर्यात अडवून जे काढून घेता ते मोजा, हिशोब उणे येतो. याला ते उणे सबसिडी म्हणत. कर्जमाफीला ते कर्जमुक्ती म्हणत, कारण माफी गुन्हेगाराला करतात. २००८ ला केंद्राने ६० हजार कोटींची कर्जमाफी जाहीर केली आणि पूर्ण माफीला दोन हेक्टरची अट घातली, आता वऱ्हाडातला कोरडवाहू पाच एकरवाला आणि आपल्याकडचा पाच एकर बागाइतदार एकाच मापात कसे बसणार, तुम्हीच सांगा.

पर्यावरणाबद्दल थोडक्यात सांगते. बीटी बियाण्याला, म्हणजे प्रयोगशाळेत जनुक बदललेल्या बियाण्याला, त्यांचा पाठिंबा होता, उघड. फेब्रुवारी २०१० मध्ये तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी बीटी वांग्याला स्थगिती दिली, तो काळ. या एका बाबतीत माझं मत वेगळं आहे, बियाणं घरात राहिलं पाहिजे असं मला वाटतं, आणि गंमत म्हणजे हे मी शिकले ते संघटनेच्याच सीताशेतीतून, बाईच्या ताब्यात छोटा तुकडा, घरचं बी, घरचं खत, विकतचं शक्यतो काही नाही. ज्या माणसाने बीटीची बाजू घेतली त्यानेच बायकांना सीताशेती सांगितली आणि दोन्ही मनापासून. 

आता मूळ गोष्ट. ९ आणि १० नोव्हेंबर १९८६, चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरलं. मी चौथीत, दिवाळीची सुट्टी. आमच्या निफाड तालुक्यातून ट्रॅक्टर निघाला, ट्रॉलीत उसाचं पाचट अंथरलेलं, त्यावर गोधड्या, वीसेक बायका आणि मधे मी. आईने फडक्यात बाजरीच्या भाकरी आणि ठेचा बांधून घेतलेला. पिंपळगाव गेलं, वडाळीभोई गेलं, हायवेवर थंडी अशी की बायका एकमेकींच्या पदरात हात घालून बसलेल्या आणि तरी ओव्या म्हणू ऱ्हायल्या. आईच्या छातीवर संघटनेचा लाल बिल्ला. माझी आई त्याआधी कधी नवऱ्याशिवाय गावाच्या बाहेर मुक्कामी राहिली नव्हती, माहेर सोडलं तर. चांदवडला माणूस माणसाला चिकटून उभं होतं, आणि सगळ्या बायका. भाषणं मला कळली नाहीत. आई परत येताना एकच वाक्य घोकत होती, पंचायतीच्या निवडणुका बायकांनी लढवायच्या.

पुढे लक्ष्मीमुक्ती आली. शेतकऱ्याने राजीखुशीने बायकोच्या नावावर जमीन करून द्यायची, गावात शंभर घरांनी केलं की ते लक्ष्मीमुक्तीचं गाव. आमच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, विहिरीलगतचा एक एकर आईच्या नावावर केला. विहिरीलगतचा, बांधाकडचा खडकाळ नाही, हे मी मुद्दाम सांगते. तलाठ्याकडे फेरफार पडला, सातबारा हातात आला, आईला वाचता यायचं पण सावकाश, तिने बोट ठेवून स्वतःचं नाव वाचलं, मग परत वाचलं, आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पेटीत साड्यांच्या खाली ठेवलं.

आता या ९ मार्च २०१०. राज्यसभेत महिला आरक्षणाचं विधेयक. आदल्या दिवशी गोंधळ झालेला, कागद फाडले, त्यापायी ९ तारखेला सात खासदार निलंबित झाले. घटनादुरुस्ती असल्यामुळे मतविभागणी झाली, प्रत्येकाचं मत नोंदलं गेलं. बाजूने १८६, विरोधात १. परत सांगते, बाजूने १८६ आणि विरोधात १. तो एक म्हणजे शरद जोशी.

आमच्या घरात टीव्हीपुढे एकदम शांतता. मग माझा भाऊ उठला, म्हणाला चांदवड भरवणाऱ्या माणसाने हे करावं? चुलता म्हणाला साहेब चुकले. आई काहीच बोलली नाही, रांगडा कांदा काढायला चालू होता, ती खळ्यावर जाऊन विळ्याने पात कापायला बसली. थोड्या वेळाने मला हाक मारली, “टीव्हीवाले नुसतं एक मत एक मत करू ऱ्हायले, तो माणूस बोलला काय ते कोणी सांगंना. तू शिकलेली ना, आण बरं लिहिलेलं.”

मंडळी, हे मला आधी कधी सुचलंच नव्हतं. सभागृहातला शब्द न् शब्द लिहून ठेवतात आणि तो कोणालाही वाचता येतो. नागरिकशास्त्र आपण इतिहासाच्या शेपटीला बांधून ठेवलंय, म्हणून शिकलेल्यालाही हे माहीत नसतं. निफाडला सायबर कॅफेत गेले, विधेयक आणि चर्चेची पानं प्रिंट काढली, आणि खळ्यावर बसून आईला आपल्या भाषेत सांगत गेले. एक तृतीयांश जागा बायकांना, पंधरा वर्षांसाठी, पण जागा फिरत्या. या निवडणुकीला ही, पुढच्या निवडणुकीला दुसरी. साहेबांचा आक्षेप नेमका या फिरतीवर आणि चिठ्ठी काढून जागा ठरवण्यावर होता, की बाई निवडून येईल, पाच वर्षं मतदारसंघ बांधेल आणि पुढच्या वेळी ती जागाच राखीव नसेल.

आईचा विळा थांबला. म्हणाली, “म्हणजे आपल्या सरपंचबाईसारखं.” आमच्या गावात एक बाई सरपंच झाल्या होत्या, राखीव जागेवर, पहिली दोन वर्षं नवराच सह्या कुठं करायच्या ते दाखवायचा, तिसऱ्या वर्षापासून त्या एकट्या पंचायत समितीत जायला लागल्या, टाकीचं काम मंजूर करून आणलं, पाइप गावच्या वेशीपर्यंत आला आणि मुदत संपली. पुढच्या वेळी आरक्षण फिरलं. त्यांना कोणी उभंच केलं नाही. पाइप दोन वर्षं वेशीवर पडून होता, पोरं त्यातून आरपार रांगायची.

मी विचारलं, मग साहेबांचं बरोबर का? आईने एक कांदा उचलला, पात कापली, ढिगावर टाकला. म्हणाली, “बोलले ते खरं बोलले. पण मी तिथं असते तर हो म्हटलं असतं. आधी बाई आत तर जाऊ दे, मग फिरतीचं बघू.” आणि जरा थांबून, “एकटं हात वर करायला पण धाडस लागतं, ते लिहिलं का त्यात?”

मी म्हटलं, ते लिहीत नाहीत. तिने ती पानं पेटीत ठेवायला सांगितली, सातबाराच्या पिशवीत.

जोशी साहेब १२ डिसेंबर २०१५ ला गेले. २०१० चं ते विधेयक लोकसभेत मंजूर झालंच नाही, मग सप्टेंबर २०२३ मध्ये महिला आरक्षणाची नवी घटनादुरुस्ती झाली, राज्यसभेत बाजूने २१४, विरोधात कोणी नाही. आई आता थकलीय, ऐकू कमी येतं. तिच्या कानाशी वाकून सांगितलं, या वेळी विरोधात एकही नाही. तिने विचारलं, “फिरतीचं काय केलं?” मी सांगितलं, फिरती आहेच, मतदारसंघांची पुनर्रचना होईल तेव्हा तेव्हा जागा फिरणार, आणि आरक्षण सुरूच व्हायचंय जनगणना आणि पुनर्रचनेनंतर.

“मग कोणी विचारलं का त्याचं, तिथं?”

मी म्हटलं, बघावं लागेल.

“मग आण ना लिहिलेलं,” आई म्हणाली, आणि चष्मा शोधायला लागली.