अँडच्या दोन्ही बाजूला काय आहे बघा

नमस्कार मंडळी. आज बोलूया इंग्रजीतल्या पॅरलल स्ट्रक्चरबद्दल, म्हणजे वाक्यात जोडलेले तुकडे एकाच रूपात ठेवण्याबद्दल, आणि नाव ऐकून लगेच रेडिओ बंद करू नका, कारण तुमच्या कानाला हे आधीपासूनच कळतं. ऐका हं, "मला रंकाळ्यावर फिरायला, मिसळ खायला आणि गप्पा मारणे आवडतं." खटकलं ना? मारायला पाहिजे होतं. मग "आय लाइक वॉकिंग, ईटिंग मिसळ अँड टू चॅट" लिहिताना मात्र काहीच कसं खटकत नाही, तर इंग्रजी आपण बहुतेकजण वाचून शिकलोय, ऐकायची सवय कमी. तिथं चॅटिंग करा, झालं काम.

शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत अर्ज टाकणारी पोरं बायोडेटात लिहितात, "चेकिंग स्टॉक, टू प्रिपेअर बिल्स, कस्टमर कॉल्स." कामं तिन्ही खरी, मेहनत खरी, पण वाचणारा तिथंच अडखळतो, आणि मला याचं खरंच वाईट वाटतं कारण "प्रिपेअरिंग बिल्स, कॉलिंग कस्टमर्स" एवढंच तर करायचं होतं.

सगळ्यात जास्त घोळ होतो नॉट ओन्ली, बट ऑल्सोमध्ये. "शी नॉट ओन्ली स्पीक्स मराठी बट ऑल्सो कन्नड." ठीक वाटतं, पण बघा, नॉट ओन्लीच्या मागोमाग आलं स्पीक्स, म्हणजे क्रियापद, आणि बट ऑल्सोच्या मागोमाग नुसतं कन्नड. मग ते स्पीक्स उचलायचं आणि आधी आणायचं, "शी स्पीक्स नॉट ओन्ली मराठी बट ऑल्सो कन्नड." आता दोन्हीकडं भाषेचं नाव आलं. आयदर-ऑर, नायदर-नॉर, बोथ-अँड, सगळ्यांना हेच लागू, आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी तर हे घोटूनच घ्यावं, चूक शोधायच्या प्रश्नात हे विचारतात.

आता शब्दसुद्धा मोजून सारखे पाहिजेत का? अजिबात नाही. आपल्या संविधानाची इंग्रजी प्रस्तावना काढा, 26 नोव्हेंबर 1949 ही तारीख त्यातच आहे, आणि तिच्या पुढं येतं "अडॉप्ट, इनॅक्ट अँड गिव्ह टू अवरसेल्व्ज." तिसरा तुकडा चांगला लांब आहे, तरी तिन्ही क्रियापदं एकाच रूपात आहेत म्हणून मोठ्यानं वाचताना जीभ कुठंच अडत नाही, मला तर ते वाक्य फार आवडतं.

वही-पेन घ्या बघू. "वी वेंट टू पन्हाळा टू सी द फोर्ट, टू ईट झुणका-भाकर अँड टेकिंग फोटोज." मोठ्यानं वाचा, खटकेल तिथं खूण करा आणि दुरुस्त करून घरात कुणालातरी वाचून दाखवा.