आधी अंदाज, मग स्क्रीन

नमस्कार श्रोतेहो.

सुरुवातीलाच तुम्हाला एक काम देते. डोळ्यांसमोर एक सी-सॉ आणा. लांब फळी आणि मधोमध टेकू. डाव्या बाजूला टेकूपासून दोन मीटरवर पाच किलोची वीट ठेवलेली आहे. आता उजव्या बाजूला दहा किलोची वीट अशी ठेवायची की फळी आडवी, सरळ राहील. कुठे ठेवाल? मनातल्या मनात उत्तर ठरवा.

ठरवलंत? मग आता ते बरोबर आहे की नाही, हे कळावं असं तुम्हाला थोडं तरी वाटत असणार. उत्तर आहे एक मीटर. वजन दुप्पट झालं, म्हणून अंतर निम्मं. पण आज मला उत्तरापेक्षा मधल्या त्या क्षणाबद्दल बोलायचं आहे, तुम्ही अंदाज बांधलात आणि खरं काय ते कळायचं बाकी होतं त्या क्षणाबद्दल. प्राथमिक शाळेच्या वर्गात संगणक, टॅब, प्रोजेक्टर किंवा साधा मोबाइल वापरायचा असेल, तर मुलांना आधी या जागी आणून उभं करायला हवं. स्क्रीन त्यानंतर.

सी-सॉचा हा प्रयोग मी मनानं रचलेला नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या शाखेत ‘फेट’ नावाचा एक प्रकल्प चालतो. कार्ल वीमन यांना 2001 मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं आणि पुढच्याच वर्षी, 2002 मध्ये, त्यांनी हा प्रकल्प सुरू केला. विज्ञान आणि गणितातल्या कल्पना हाताळून पाहता येतील अशी चलत्-चित्रं तिथे फुकट मिळतात. अनेक भाषांत आहेत, त्यांतली बरीच मराठीतही आहेत. त्यात समतोलाचं एक आहे. फळीवर विटा ठेवायच्या, माणसं उभी करायची. आणि त्याची रचना फार विचारपूर्वक केलेली आहे: फळीच्या दोन्ही टोकांना आधाराचे खांब असतात. खांब असेपर्यंत फळी हलत नाही. तुम्ही ते काढलेत की मगच ती कोणत्या तरी बाजूला झुकते, किंवा सरळ राहते.

ते खांब शिक्षकासाठी आहेत असं मला वाटतं. खांब काढायच्या आधी थांबायचं. ‘डावी बाजू खाली जाईल असं ज्यांना वाटतं त्यांनी एक बोट वर करा, उजवी जाईल असं वाटतं त्यांनी दोन, सरळ राहील असं वाटतं त्यांनी तीन.’ मग एक बोट वाल्यांपैकी कुणाला तरी विचारायचं, का रे? तीन बोटं वालीला विचारायचं, तू का म्हणतेस? वाद होऊ द्यायचा. त्यानंतर खांब. हेच आपण आल्या आल्या विटा ठेवल्या, खांब काढले, फळी धाडकन झुकली, असं दाखवलं तर मुलं टाळ्या वाजवतात, ‘परत, परत’ म्हणून ओरडतात आणि तास मजेत जातो. दुसऱ्या दिवशी विचारलं तर फळी झुकली होती एवढंच आठवतं. का झुकली, ते नाही. स्वतः बांधलेला अंदाज चुकला की मूल थबकतं, आणि शिकणं त्या थबकण्यात सुरू होतं.

कुणी विचारेल, मग पट्टीखाली पेन्सिल ठेवून दोन्हीकडे खोडरबर ठेवले की झालं, संगणक कशाला हवा? ते आधी कराच. पण पट्टी घरंगळते, खोडरबर सरकतात, समतोल निसटून जातो आणि अंतराचा नियम त्या धांदलीत हाती लागत नाही. स्क्रीनवर अंतराच्या खुणा स्पष्ट असतात, वजनं नेमकी असतात. उलट, स्क्रीनवरची फळी कधीच घरंगळत नाही, त्यामुळे नुसती तीच पाहिलेल्या मुलाला वजन हाताला कसं लागतं हे कळत नाही. दोन्ही लागतं, आणि हात आधी.

आता एक मोठं उदाहरण. प्रत्येक मुलाच्या हाती स्वस्त लॅपटॉप द्यायचा, ही कल्पना 2005 मध्ये जगापुढे आली. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशानं ती सगळ्यांत मोठ्या प्रमाणावर उचलली आणि आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले. इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेच्या अभ्यासकांनी तिथल्या ग्रामीण भागातल्या 319 प्राथमिक शाळा तपासल्या. 2012 मध्ये निष्कर्ष आले. त्यांतल्या लॅपटॉप मिळालेल्या शाळांत दर मुलामागे संगणकांचं प्रमाण 0.12 वरून 1.18 वर गेलं होतं, म्हणजे आठ-नऊ मुलांत एक होता तिथे मुलांपेक्षा संगणकच जास्त झाले. गणितात आणि भाषेत मात्र काहीच फरक दिसला नाही. आकलनाच्या काही सर्वसाधारण चाचण्यांत मुलं थोडी पुढे गेली, हेही सांगायला हवं. पण ज्यासाठी एवढा खटाटोप केला, त्या वाचन-गणितात काही नाही.

हे ऐकून ‘बघा, आम्ही म्हणतच होतो’ असं म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी नाही. त्या मुलांना यंत्र मिळालं, पण यंत्रापुढे बसून सोडवायचा प्रश्न मिळाला नाही, असं मला त्यातून दिसतं. धड्यात त्या यंत्राला जागा करून देणारं कुणी तरी शेजारी हवं.

असा प्रश्न कसा असतो, ते सांगते. 1967 मध्ये सिमोर पेपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉली फॉयरझाइग यांनी मुलांसाठी ‘लोगो’ नावाची संगणकाची भाषा तयार केली. तिच्यात एक कासव असतं. त्याला सांगायचं: पुढे शंभर, उजवीकडे नव्वद. ते चालतं आणि मागे रेघ उमटत जाते. हेच चार वेळा सांगितलं की चौकोन. आजची ‘स्क्रॅच’ ही अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅबमधून 2007 मध्ये आलेली भाषा याच कुळातली. तीही फुकट आहे. अगदी लहान, पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी 2014 मध्ये ‘स्क्रॅच ज्युनियर’ आलं, त्यात शब्दांऐवजी चित्रांचे ठोकळे जुळवायचे असतात.

चौकोन सगळ्यांना जमतो. मग चौथी-पाचवीच्या मुलांना म्हणा, आता तिन्ही बाजू सारख्या असलेला त्रिकोण काढा. कोन माहीत असलेलं हुशार मूल लगेच सांगतं: पुढे शंभर, उजवीकडे साठ, असं तीन वेळा. कारण त्रिकोणाचा कोन साठ अंशांचा असतो, हे त्याला पाठ आहे. संगणक मुकाट्यानं ते करतो, आणि त्रिकोण होत नाही. रेघ उघडीच राहते. मूल म्हणतं, संगणक बिघडलाय.

इथे शिक्षकानं उत्तर सांगायचं नाही. संगणक तसाच सोडून मुलांना उठवायचं. जमिनीवर खडूनं मोठा त्रिकोण काढायचा आणि एकाला कासव करायचं. कासव एका बाजूवरून चालत कोपऱ्याशी येतं. त्याचं तोंड कुठे आहे? सरळ पुढे, त्रिकोणाच्या बाहेर. तिथून दुसऱ्या बाजूकडे तोंड करायचं तर त्याला किती वळावं लागतं? काटकोनापेक्षा बरंच जास्त, जवळजवळ मागे फिरल्यासारखं. ते मुलाच्या खांद्यांना कळतं, पायांना कळतं. साठ हा आतला कोन, आपण वळतो तो बाहेरचा. एकशेवीस. मग परत संगणकापाशी जायचं आणि एकशेवीस घालून पाहायचं. त्रिकोण मिटतो.

पहिल्या चुकीतही गंमत आहे. साठ अंशांचं वळण तीनऐवजी सहा वेळा घेतलं तर षटकोन मिटतो. तीन वेळा 120, चार वेळा 90, सहा वेळा 60. प्रत्येक वेळी बेरीज 360. स्वतःभोवती एक पूर्ण गिरकी. हे मुलांना आपलं आपण सापडलं की पंचकोनासाठी किती वळायचं, हे ती भागाकार करून सांगतात. वर्गात यासाठी एकच संगणक असला तरी पुरतो.

एका संगणकावर अनेक मुलं बसवायची तेव्हा मी एक नियम सुचवते: माउस ज्याच्या हातात, त्यानं आपल्या मनानं काही करायचं नाही. दुसऱ्यानं सांगायचं, यानं करायचं, आणि काही वेळानं अदलाबदल. या नियमानं मुलांना मनातलं शब्दांत सांगावंच लागतं. ‘ते तिकडे घे’ म्हणून भागत नाही. कुठलं, किती, कोणत्या बाजूला, हे बोलावं लागतं. मला हा भाषेचाही तास वाटतो.

आकाशाकडे वळते. चंद्राच्या कला कशामुळे होतात, असं विचारलं की मुलंच काय, पुष्कळ मोठी माणसंही म्हणतात, पृथ्वीची सावली पडते म्हणून. ‘स्टेलॅरियम’ नावाचं तारांगणाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात आपल्या ठिकाणचं आकाश दिसतं, वेळ भराभर पुढे नेता येते, महिनाभराचा चंद्र काही क्षणांत पाहता येतो. पण तो तसा पहिल्याच दिवशी दाखवला तर सावलीची समजूत हलतसुद्धा नाही. आधी मुलांना चंद्राची वही घालू द्या. रोज तारीख, वेळ, दिशा आणि आकार. एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत सुमारे साडेएकोणतीस दिवस. पौर्णिमा उलटली की कुणी तरी तक्रार घेऊन येईल की काल याच वेळी चंद्र होता, आज अजून उगवलाच नाही. कारण तो रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो. शुद्ध अष्टमीच्या सुमारास मुलांना दुपारीच बाहेर न्या. अर्धा चंद्र पूर्वेकडे वर येताना दिसतो आणि सूर्य पश्चिमेकडे. दोघंही आकाशात एकाच वेळी. आता विचारा, पृथ्वीची सावली सूर्याच्या विरुद्ध बाजूला पडणार ना, मग ती या चंद्रावर कशी पडेल? आणि चंद्राची उजळलेली बाजू कुणाकडे आहे?

त्यानंतर स्टेलॅरियम उघडा, आणि वहीतली चित्रं शेजारी ठेवून ‘पुढच्या गुरुवारी कसा दिसेल ते आधी काढा’ म्हणा. स्क्रीन तेव्हा मुलांच्या कामाची असते, कारण आपलं चित्र तिच्याशी ताडून पाहायचं असतं.

इंटरनेटवरच्या माहितीचं काय? तिथे तर मुलांना वाटतं, छापून आलंय म्हणजे खरंच. 1998 पासून एक वेबसाइट आहे, झाडावर राहणाऱ्या ऑक्टोपसाबद्दल. फोटो, जीवनक्रम, प्राणी नामशेष होत असल्याची कळकळीची विनंती, सगळं आहे. असा प्राणीच नाही. अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठाच्या संशोधकांनी ती सातवीच्या मुलांना दाखवली, तर बहुतेकांनी विश्वास ठेवला. मुलं बावळट होती म्हणून नव्हे. त्यांना पान नीट वाचायला शिकवलं होतं, आणि ती ते नीट वाचत होती! बातम्यांची खातरजमा करणारे लोक उलटं करतात, असं स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासकांना आढळलं. ते त्या पानावर फार रेंगाळत नाहीत. लगेच दुसरीकडे जाऊन पाहतात, याबद्दल इतर काय म्हणतात. तिसरी-चौथीच्या मुलांनाही हे जमतं. ऑक्टोपसाला श्वास घ्यायला पाणी लागतं, हे त्यांना प्राण्यांच्या दुसऱ्या पुस्तकात सापडू द्या.

आता सोयींबद्दल थोडं. वर्गात नेट जाणारच, असं धरून चला. फेटची बरीच चित्रं आधी डाउनलोड करून ठेवता येतात, आणि ‘किविक्स’ नावाच्या सॉफ्टवेअरच्या मदतीनं अख्खा विकिपीडियासुद्धा नेटशिवाय वाचता येतो. मुलांच्या नावानं खाती उघडावी लागतील अशी साधनं शक्यतो टाळा. पुष्कळ वेबसाइट तेराव्या वर्षाची अट घालतात, कारण अमेरिकेच्या 1998 च्या कायद्यानुसार त्याहून लहान मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा करता येत नाही. गप्पा मारणाऱ्या एआय साधनांबद्दलही युनेस्कोनं 2023 मध्ये वर्गासाठी किमान तेरा वर्षांचीच मर्यादा सुचवली. शिक्षकानं स्वतःच्या तयारीसाठी ती वापरावीत आणि आलेलं उत्तर तपासून घ्यावं. सात-आठ वर्षांच्या मुलांच्या हाती ती देऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

काही मुलांसाठी मात्र ही साधनं जादाची नसतात. ज्याला बारीक अक्षर दिसत नाही, ज्याच्या बोटांत पेन्सिल ठरत नाही, जिचा अक्षरं ओळखताना गोंधळ होतो, त्यांना अक्षर मोठं करणारी, मजकूर वाचून दाखवणारी, बोललेलं लिहून घेणारी सोय हवीच. त्यांच्याबाबतीत ‘आधी हातानं’ हा माझा आग्रह मी बाजूला ठेवते.

शेवटी एक अगदी साधं साधन: मोबाइलमधला ध्वनिमुद्रक. मूल एक परिच्छेद मोठ्यानं वाचतं, ते रेकॉर्ड करा. ऐकवण्याआधी त्याच्या हाती पेन्सिल द्या आणि म्हणा, ‘कुठे अडखळलास असं तुला वाटतं, तिथे खूण कर.’ मग ऐकू द्या. काही खुणा जुळतात. काही ठिकाणी मूल म्हणतं, इथे तर मी पूर्णविराम गिळलाच की! ते कुणी सांगायच्या आत परत वाचायला घेतं. दुसरं रेकॉर्डिंग झालं की दोन्ही सलग ऐकवा, आणि त्याच दिवशी, त्याच्या देखत, पुसून टाका. याला नेट लागत नाही, खातं लागत नाही. उद्याच्या तासाला करून पाहता येईल.

नमस्कार.