शेवटचा एक टक्का

(दृश्य: जुना व्हिडिओ, सर्व्हर रूम)

साल २००८. सन मायक्रोसिस्टिम्स या संगणक कंपनीची प्रयोगशाळा. हे इंजिनिअर ब्रेंडन ग्रेग. आता नीट बघा. ते हार्ड डिस्कच्या रॅकपाशी तोंड नेतात आणि जिवाच्या आकांतानं ओरडतात. स्क्रीनवरच्या आलेखात त्याच क्षणी काही ठिपके वर उडालेले दिसतात. आवाजाच्या कंपनांनी डिस्कचं काम अडखळलं! सगळं नाही, थोड्याच विनंत्या रखडल्या. नुसती सरासरी काढली असती, तर त्या कुणाच्या नजरेतही आल्या नसत्या.

कॅमेऱ्यामागे आहेत त्यांचे सहकारी ब्रायन कॅन्ट्रिल.

(दृश्य: परिषदेचं रेकॉर्डिंग, चौकटीत वक्ता)

आणि हे कॅन्ट्रिल, ऑक्टोबर २०२१ मध्ये. विषय रस्ट ही प्रोग्रामिंगची भाषा आणि झटपट प्रतिसाद देणाऱ्या प्रणालींचं भविष्य. ही पहिली पी९९ कॉन्फ, म्हणजे प्रणालींच्या वेगावरची परिषद; नावातला पी९९ काय, ते पुढे येतंच. सगळी ऑनलाइन, प्रवेश विनामूल्य. अमेरिकेत सकाळ असते, तेव्हा आपल्याकडे जेवणं उरकलेली असतात. यजमान सिलाडीबी ही वेगवान डेटाबेस विकणारी कंपनी आहे, त्यामुळे वेगाचं कौतुक इथे होणारच. तरी याच मंचावर स्टीव्हन रोस्टेट लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे या कार्यप्रणालीच्या गाभ्यात, वेळ नेमका कुठे अडकतो, तो शोधून दाखवतात. त्यात विकण्यासारखं काही नाही.

(दृश्य: आलेख, उजवीकडे लांबत गेलेली रेघ)

पी९९ म्हणजे नव्व्याण्णवावा पर्सेंटाइल. सीईटीत तो मिळाला की पेढे वाटतात. इथे त्या रेषेपलीकडे असतात सगळ्यात जास्त ताटकळलेले लोक, शंभरातला एक. एकच ना? मग गूगलच्या जेफ डीन आणि लुईझ बारोसो यांनी २०१३ मध्ये मांडलेलं गणित बघा. एक सर्व्हर एरवी १० मिलिसेकंदांत उत्तर देतो, पण शंभरातून एकदा त्याला सेकंद लागतो. आता एका पानासाठी अशा १०० सर्व्हरना विचारावं लागलं आणि सगळ्यांची उत्तरं येईपर्यंत थांबावं लागलं, तर १०० पैकी ६३ वेळा वापरणारा सेकंदाहून जास्त खोळंबतो. मोठ्या कंपन्यांची सॉफ्टवेअर आज अशीच, असंख्य सेवांना विचारत चालतात.

(दृश्य: टर्मिनल, लोड टेस्ट सुरू)

आता ही चाचणी. दर १० मिलिसेकंदांनी एक विनंती. पहिलं मिनिट प्रत्येक उत्तर १ मिलिसेकंदात. मग प्रणाली मिनिटभर गोठते. चाचणीचं साधनही उत्तराची वाट बघत थांबतं, नवी विनंती पाठवतच नाही. अहवालात सहा हजार जलद उत्तरं आणि फक्त एक संथ. पी९९? १ मिलिसेकंद. टाळ्या! प्रत्यक्षात लोक त्या मिनिटातही येतच राहिले असते. त्यांना धरून मोजलं, तर पी९९ जातो जवळजवळ ५९ सेकंदांवर. अझुल सिस्टिम्सच्या गिल टेने यांनी या फसगतीला कोऑर्डिनेटेड ओमिशन हे नाव दिलं. सरासरीच्या हिरव्या दिव्यांनी भरलेला डॅशबोर्ड दाखवून मीटिंग संपवणाऱ्या प्रत्येक मॅनेजरला ही चाचणी एकदा दाखवायला हवी.

(दृश्य: डिस्कॉर्डचा आलेख, एकामागून एक शिखरं)

हा आलेख डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपचा, १८ डिसेंबर २०२२ चा. विश्वचषक फुटबॉलचा अंतिम सामना, अर्जेंटिना आणि फ्रान्स. हे पहिलं शिखर मेस्सीची पेनल्टी. पुढचं डी मारियाचा गोल. हे लांबलेलं पठार म्हणजे मध्यंतर. आणि इथे एम्बापे सुटला. दर गोलला जगभरातून मेसेजचा लोंढा येतोय, आणि खाली डेटाबेस निवांत आहे.

त्याच वर्षी डिस्कॉर्डनं आपले मेसेज कॅसँड्रा या डेटाबेसवरून सिलाडीबीवर हलवले होते. कॅसँड्रा जावा या भाषेवर चालतं. तिथे मेमरीची साफसफाई सुरू झाली की मधेच सगळं थबकायचं. सिलाडीबी सी++ मध्ये लिहिलेलं, प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरला आपापला डेटा नेमून दिलेला. शिवाय डेटाबेसच्या पुढे रस्टमधली एक सेवा बसवली. हजार जणांनी एकाच वेळी तोच मेसेज मागितला, तर ती डेटाबेसला एकदाच विचारते आणि उत्तर हजारांना वाटते. जुने मेसेज वाचायला पी९९ आधी ४० ते १२५ मिलिसेकंद होता. आता १५.

नोड, म्हणजे डेटाबेस चालवणारे सर्व्हर, १७७ होते, ते ७२ झाले.

पी९९ कॉन्फमधल्या भाषणांची रेकॉर्डिंग विनामूल्य बघता येतात.