१०० आणि १२० मधलं अंतर

(दृश्य: महामार्ग, वरून.)

१०० मीटरवर ट्रक आडवा झालाय. शेजारच्या दोन लेनमधून दोन गाड्या येताहेत, एक ताशी १०० किलोमीटरने, दुसरी १२० ने. ट्रक दोघांनाही एकाच क्षणी दिसतो. पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद जातो. तेवढ्यात पहिली ४२ मीटर पुढे आलेली असते, दुसरी ५०. दोघेही करकचून ब्रेक दाबतात. रस्ता कोरडा आहे. पहिली गाडी ट्रकच्या दोन-तीन मीटर अलीकडे थांबते.

दुसरी ट्रकवर आदळते तेव्हा तिचा वेग अजून ताशी ७० किलोमीटरहून जास्त असतो.

फरक तर फक्त २० चा होता! पण वेग दुप्पट झाला की गाडीतली ऊर्जा चौपट होते, आणि ब्रेकला ती सगळी जिरवावी लागते. या जादा वेगाने मिळतं काय? ५० किलोमीटरमागे पाच मिनिटं.

(दृश्य: चालकाच्या नजरेतून रस्ता.)

सगळा दोष चालकावर टाकून मोकळं होणं मला पटत नाही. तासभर भरधाव गेल्यावर डोळ्यांना त्या वेगाची सवय होते. मग ८० वर आलं तरी गाडी रांगतेय असं वाटतं. म्हणूनच महामार्ग सोडून वस्तीत शिरताना घात होतो. तिथे नुसता फलक पुरत नाही. लेन अरुंद करून, आडवे पट्टे जवळजवळ आखून रस्त्यानेच चालकाला सावध करावं लागतं.

एकट्या कॅमेऱ्याचं तर सगळ्यांनाच ठाऊक आहे: अलीकडे ब्रेक, पलीकडे पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर. त्यापेक्षा दोन कॅमेऱ्यांमधला सरासरी वेग मोजणं बरं. अंतर १० किलोमीटर, मर्यादा १००, म्हणजे सहा मिनिटं लागायलाच हवीत. पाचात पोचलेल्याला सबब उरत नाही.

धुकं किंवा पुढे कोंडी असेल, तर डोक्यावरच्या फलकावरची मर्यादा त्या वेळेपुरती उतरवता येते. मात्र मोकळ्या, लख्ख रस्त्यावरही फलक ६० च दाखवत राहिला, तर पुढच्या धुक्यात त्याचं कोण ऐकणार?

(दृश्य: दोन्ही दिशांची वाहतूक, मधे कठडा.)

स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये ‘व्हिजन झीरो’ स्वीकारलं, म्हणजे रस्त्यावर एकाचाही जीव जाऊ नये किंवा कुणी गंभीर जखमी होऊ नये हे धोरण. माणूस चुकणारच, हे धरूनच तिथे रस्ता आणि वेग ठरवायचा. समोरासमोर धडक होऊ शकते, तिथे त्या विचारानुसार ७० च्या वर जायचं नाही. वेग वाढवायचा, तर आधी मधे अडसर हवा. तिथल्या कित्येक रस्त्यांच्या मधोमध आता पोलादी दोरांचे कठडे उभे आहेत.