पोलीस, डायनासोर आणि कोर्टाची पायरी

श्रोतेहो, नमस्कार.

आज ज्या चित्रपटाबद्दल बोलणार आहे, तो तुमच्यापैकी फार थोड्यांनी पाहिला असेल. ज्यांनी लावला, त्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला अशी ग्वाही मी देणार नाही. ‘थिओडोर रेक्स’ त्याचं नाव. १९९५ सालचा हॉलिवूडचा चित्रपट, पोलिसांच्या जोडीचा, मारामारी आणि विनोद दोन्ही असलेला. जोडीतली एक पोलीस म्हणजे हूपी गोल्डबर्ग. दुसरा पोलीस डायनासोर.

हो, डायनासोरच. दोन पायांवर चालणारा, कपडे घालणारा, चुरुचुरु बोलणारा, आणि वळला की शेपटीने आजूबाजूच्या वस्तू पाडणारा.

हे असलं काही कुणाला सुचतं कसं, हे समजायला थोडं मागे जावं लागेल. १९८२ साली ‘४८ अवर्स’ आला. निक नोल्टी रांगडा, कपाळाला कायम आठ्या असलेला पोलीस, आणि एडी मर्फी दोन दिवसांसाठी तुरुंगातून बाहेर काढलेला कैदी. दोघं एकमेकांची उणीदुणी काढत गुन्हेगाराच्या मागावर जातात. चित्रपट जोरात चालला आणि हॉलिवूडला साचा मिळाला: ज्यांचं एकमेकांशी मुळीच पटत नाही अशा दोघांना एका गाडीत बसवायचं. १९८७ चा ‘लीथल वेपन’ याच वाटेने गेला. पण साच्यातून सारखं तेच काढलं की गिऱ्हाईक कंटाळतं, मग जोडीदार दर खेपेला आणखी विचित्र लागतो. १९८९ या एकाच वर्षात दोन वेगवेगळ्या चित्रपटांत पोलिसाचा जोडीदार म्हणून कुत्रा आला. कुत्र्याच्या पुढे काय, या प्रश्नाचं उत्तर जोनाथन बेट्युएल या लेखक-दिग्दर्शकाकडे होतं.

कथा भविष्यकाळातली. शास्त्रज्ञांनी डायनासोर पुन्हा जन्माला घातले आहेत आणि ते माणसांत मिसळून राहतात. टेडी नावाचा डायनासोर पोलीस खात्यात आहे, पण शोभेपुरता. एका डायनासोरचा खून होतो, टेडी तपासाचा हट्ट धरतो, आणि केटी कोलट्रेन या पोलीस बाईच्या गळ्यात हे लोढणं पडतं. खलनायकाला जगावर पुन्हा हिमयुग आणायचं आहे. इतकं पुरे. कथेपेक्षा कथेबाहेरचं नाट्य जास्त रंगलेलं आहे.

ऑक्टोबर १९९२. हूपी गोल्डबर्ग तेव्हा अगदी शिखरावर. ‘घोस्ट’साठी ऑस्कर मिळालेलं, ‘सिस्टर ॲक्ट’ नुकताच गाजलेला. निर्माते रिचर्ड अब्रॅमसन यांना त्यांनी या चित्रपटासाठी होकार दिला. तोंडी. पुढे विचार बदलला आणि त्या नको म्हणाल्या. निर्मात्याने थेट दोन कोटी डॉलरांचा दावा ठोकला.

आता वाटेल, तोंडी होकाराला कोण विचारतं? पण वेळ वाईट होती. त्याआधीच किम बेसिंगर या अभिनेत्रीने ‘बॉक्सिंग हेलेना’ नावाच्या चित्रपटातून अंग काढून घेतलं होतं. तिथेही सगळं तोंडीच ठरल्याचा निर्मात्यांचा दावा होता. मार्च १९९३ मध्ये ज्यूरीने बेसिंगरबाईंच्या विरोधात निकाल दिला, भरपाई ८० लाख डॉलरांहून अधिक. बाईंवर दिवाळखोरीचा अर्ज करायची पाळी आली. तो निकाल पुढे १९९४ मध्ये अपिलात रद्द झाला, पण १९९३ साली हे कुणाला ठाऊक? हॉलिवूडमधल्या प्रत्येक नटाच्या पोटात तेव्हा गोळा आला असणार.

गोल्डबर्गबाईंनी तडजोड केली. कोर्टाबाहेर मिटलं, त्यांनी भूमिका करायची ठरली, आणि मानधन ५० लाखांवरून ७० लाख डॉलर झालं. म्हणजे नको असलेल्या कामाचे वीस लाख जास्त. वकिलाच्या नजरेने पाहिलं तर दोन्ही बाजूंचं भलं झालं.

मला मात्र इथे एक जुना खटला आठवतो. १८५२ साली लंडनमध्ये योहाना वॅग्नर नावाची गायिका एका नाटकगृहाशी करार करून मोकळी झाली आणि मग जास्त पैसे देणाऱ्या दुसऱ्या नाटकगृहाकडे निघाली. पहिल्या मालकाने, लम्लीने, कोर्टाचं दार ठोठावलं. कोर्टाने तिला दुसरीकडे गायला मनाई केली. पण लम्लीकडे गा, असा हुकूम काही केला नाही. तो करता येत नाही, हे त्या न्यायमूर्तींनी मान्यच केलं. आपल्याकडचा कायदाही साधारण हेच मानतो. भरपाई मागा, अडवणूक करा, पण माणसाच्या अंगच्या कलेवर जप्ती आणता येत नाही.

गोव्यात जत्रेच्या नाटकात वावरलेल्या माणसाला हे कायद्याच्या पुस्तकातून शिकावं लागत नाही. आमच्या गावच्या उत्सवात दोन्ही तऱ्हा पाहिल्या आहेत. एका वर्षी नायकाला बोटीवरचं बोलावणं आलं. नाटक चार दिवसांवर, आणि हा निघाला मुंबईला जहाज पकडायला. पोटापाण्याचा प्रश्न, कोण काय बोलणार? तेव्हा प्रॉम्प्टर उभा राहिला. तालमीला रोज बसून त्याला सगळ्यांचे संवाद तोंडपाठ झाले होते. फक्त पायात कधी रंगभूमी नव्हती. पहिल्या अंकात त्याने नायिकेची वाक्यंसुद्धा ओठांतल्या ओठांत म्हटली आणि पुढच्या रांगेतल्यांना ती दिसत होती. पण दुसऱ्या अंकात दोघांचा सूर जुळला, आणि मांडवात उभे राहिलेले लोक पहाटेपर्यंत हलले नाहीत.

दुसरी तऱ्हा अशी. एक चांगला नट, आवाज खणखणीत, पण त्या वर्षी काम करायची इच्छा नव्हती. त्याने सरळ सांगितलं. मग देवळाच्या महाजनांनी निरोप धाडला, घरी दोनदा माणसं गेली, ‘देवाचं काम, नाही म्हणू नये’ वगैरे झालं. आला बिचारा. एक वाक्य चुकला नाही. ठरल्या जागी उभा राहिला, ठरल्या जागी वळला. पण समोरचा नट बोलत असताना याचं लक्ष विंगेतल्या घड्याळाकडे. फार्समध्ये समोरच्याचं वाक्य ऐकून घेतलं नाही तर हशा येणार कुठून? त्या रात्री लोक हसले ते बॅकस्टेजच्या मुलाने पडदा अर्धवट सोडला तेव्हा.

जोडीच्या चित्रपटाचं सगळं भांडवल हेच असतं. पाठलाग, गोळीबार, गाड्यांची मोडतोड कुठेही मिळते. प्रेक्षक येतो तो दोघांचं भांडण ऐकायला, आणि भांडणालाही मन लागतं. ‘थिओडोर रेक्स’मध्ये एका बाजूला मन नसलेली नायिका, आणि दुसऱ्या बाजूला मन असूनही ते दाखवू न शकणारा जोडीदार. कारण तो जोडीदार म्हणजे रबराचा पेहराव. आत एक माणूस चालतोय, चेहऱ्याच्या हालचाली यंत्रावर, आवाज तिसऱ्याच नटाचा, जॉर्ज न्यूबर्नचा. दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुराच्या पुतळ्याच्या सांगाड्यात मोटर बसवून त्याचे डोळे फिरवणाऱ्या आपल्या पोरांना विचारा, ते सांगतील: डोळे फिरतात, पण बघत नाहीत. अशा मुखवट्यासमोर उभं राहून विनोद करायचा म्हणजे नटीने दोघांचं काम एकटीने करायचं. गोल्डबर्गबाईंनी मनात आणलं असतं तर त्या हे करू शकल्या असत्या, अशी माझी समजूत आहे. ‘घोस्ट’मध्ये कुणाही माणसाला न दिसणाऱ्या भुताशी भांडताना त्यांनी ते करून दाखवलंच होतं. इथे त्या केवळ हजर आहेत.

त्यात १९९३ च्या जूनमध्ये ‘जुरासिक पार्क’ आला. डायनासोर कसा दिसतो, कसा धावतो, हे साऱ्या जगाने पाहिलं. आपल्याकडेही पुढच्या वर्षी हिंदीतून बोलणारा तो चित्रपट पाहायला रांगा लागल्या. त्यानंतर रबराचा टेडी कुणाला खरा वाटणार?

खर्च झाला सुमारे ३ कोटी ३५ लाख डॉलर. अमेरिकेतल्या काही शहरांत आधी प्रेक्षकांना दाखवून पाहिला, प्रतिसाद इतका थंड की न्यू लाइन या चित्रपट कंपनीने तो चित्रपटगृहांत आणलाच नाही. थेट व्हिडिओ कॅसेटवर. थेट कॅसेटवर गेलेला तोवरचा सगळ्यात महागडा चित्रपट, ही त्याची प्रसिद्धी. शिवाय वाईट कामगिरीसाठी जी रॅझी नावाची टिंगलखोर पारितोषिकं असतात, त्यांत गोल्डबर्गबाईंचं नामांकन झालं. त्यात हाही चित्रपट मोजला गेला.

पण निर्मितीत गोंधळ झाला म्हणून चित्रपट बुडतो, असं मात्र समजू नका. १९८४ चा ‘बेव्हर्ली हिल्स कॉप’ घ्या. नायक ठरला होता सिल्व्हेस्टर स्टॅलोन. त्याने संहिता स्वतःच्या हाताने पार बदलून टाकली, विनोद हद्दपार, मारधाड दुप्पट. कंपनीला तो खर्च परवडेना, आणि चित्रीकरणाला जेमतेम दोन आठवडे उरले असताना स्टॅलोन बाहेर पडला. जाताना आपल्या कल्पना घेऊन गेला, त्यांतूनच पुढे त्याचा ‘कोब्रा’ झाला. इकडे घाईघाईने एडी मर्फीला आणलं आणि संहिता पुन्हा लिहायला घेतली. दिग्दर्शक मार्टिन ब्रेस्टला आधीच्या एका चित्रपटावरून चित्रीकरण सुरू असतानाच काढून टाकलेलं होतं, तेव्हा त्याचाही जीव टांगणीलाच. प्रसंग आदल्या दिवशी लिहायचे, सेटवर बदलायचे, नटांनी तोंडाला येईल ते बोलायचं, असा कारभार. त्या चित्रपटाने एकट्या अमेरिकेत २३ कोटी डॉलरांहून अधिक कमावले.

त्यातला एक प्रसंग मुद्दाम सांगतो. मर्फी त्या दिवशी दमला होता, एरवी कॉफीला शिवत नसे, पण ब्रेस्टच्या आग्रहाखातर प्यायला. आणि जो सुटला! चौकशीला बसलेल्या साहेबासमोर, सोबतच्या दोन पोलिसांनी काय पराक्रम केला याच्या थापा तो मारू लागला. हे दोघं कसे साधेसुधे पोलीस नव्हेत, पाठीवर नुसती सुपरमॅनसारखी केप चढवायची बाकी आहे, वगैरे. यातलं बरंच कागदावर नव्हतंच. समोरच्या नटांना हसू आवरेना. कुठे कधी हा चित्रपट लागला, तर त्या प्रसंगात मर्फीकडे बघू नका, शेजारच्या दोघांकडे बघा. जॉन ॲश्टन नाकाच्या शेंड्याजवळ बोटं दाबून मान खाली घालतो. आपल्याला वाटतं, बिचारा वैतागला. तो हसू दाबतोय. आणि जज राइनहोल्ड या दुसऱ्या नटाचा हात खिशात आहे. त्या हाताने तो स्वतःच्या मांडीला करकचून चिमटा काढतोय.

नमस्कार.