नुसतं गरीब असून भागत नसे

आधी एक यादी वाचून दाखवते, मग बोलू. बाई सचोटीने वागणारी हवी. धार्मिक, गंभीर आणि समंजस हवी. मिळालीच तर वाचता येणारी हवी. एकटी हवी, लग्न केलं की जागा गेली. वय निदान 56. आणि काय नसावी? सराईत भिकारीण नसावी, बदचालीची नसावी, कजाग नसावी, दारुडी नसावी, गुत्ते आणि खानावळी धुंडाळत फिरणारी नसावी.

ही वधू पाहिजेची जाहिरात नव्हे. इंग्लंडमधल्या नॉरफोक परगण्यात कासल रायझिंग नावाचं एक खेडं आहे. तिथे अर्ल ऑफ नॉर्थॅम्प्टन हेन्री हॉवर्ड या बड्या सरदाराने गरीब म्हाताऱ्या बायकांसाठी एक धर्मादाय घर बांधवलं, त्याच्या प्रवेशाच्या या अटी. सरदार 1614 साली वारला; घर अजून उभं आहे. अशा घरांना तिकडे ‘आम्सहाउस’ म्हणतात. यादी पुन्हा एकदा मनात घोळवून पाहा. बाई किती गरीब असावी, किती दिवस उपाशी असावी, याबद्दल तिच्यात अवाक्षर नाही. गरिबी धरून चाललेली. परीक्षा बाकी सगळ्याची.

या घरांचा कारभार थोडक्यात सांगते. एखादा सरदार, व्यापारी किंवा बिशप मृत्युपत्रात जमीन लावून देई. तिच्या खंडावर आठ, बारा, वीस माणसं पोसली जात. मध्ये चौक, भोवती खोल्या, एक लहानसं प्रार्थनामंदिर, ठरलेले पैसे, थोडा कोळसा, वर्षाकाठी एक झगा. विंचेस्टरचं सेंट क्रॉस हे बाराव्या शतकातलं, पण ते पुरुषांसाठी. सुरुवातीच्या काळात देणाऱ्याचा हेतू सरळ होता: आत राहणाऱ्यांनी रोज दात्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करावी. सोळाव्या शतकात इंग्लंडने धर्मपंथ बदलला आणि मेलेल्यांसाठी प्रार्थना करणं हीच अंधश्रद्धा ठरली. मग दात्याला मोबदला काय? नाव. दारावर कोरलेलं घराण्याचं चिन्ह आणि खोल्यांमधून चांगल्या वागणुकीच्या, स्वच्छ, नीटनेटक्या म्हाताऱ्या. आपल्या नावाच्या घरात कोण राहतं याची त्याला फिकीर असायची, ती इथून आली असं मला वाटतं.

आता दाराबाहेर उभ्या असलेल्या बाईकडे येऊ. पहिली अडचण अशी की जागा रिकामी होते ती बहुधा आतली कोणी मेल्यावर. म्हणजे गावातल्या एकीच्या मरणाकडे दुसऱ्या चौघी डोळे लावून बसलेल्या. तोंडाने कोणी बोलत नसेल, पण आत कोण खोकतंय हे चौघींनाही ठाऊक असणार. दुसरी अडचण, वय सिद्ध कसं करायचं? जन्मदाखला हा प्रकार इंग्लंडात 1837 पासूनचा. त्याआधी आधार एकच, चर्चमधली बाप्तिस्म्याची वही. या वह्या ठेवायचा हुकूम 1538 साली निघाला. वही पाद्रीबाबांच्या ताब्यात. तिसरी अडचण, बाई याच गावची हे ठरायला हवं. 1662 च्या कायद्याने तर प्रत्येक गरिबाला त्याचं त्याचं पॅरिश, म्हणजे चर्चचा गाव-विभाग, नेमून दिलं आणि परक्या गरिबाला हाकलून लावायची सोय केली. आयुष्यभर मोलमजुरी करत चार गावं हिंडलेल्या बाईने आपलं गाव कोणतं सांगायचं? हाही निवाडा पॅरिशचे कारभारीच करणार.

आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे ती सचोटीची आहे, हे कोण सांगणार? तिने स्वतः सांगून उपयोग नाही. तेच पाद्रीबाबा, तेच कारभारी किंवा जमीनदाराचा दिवाणजी यांनी शब्द टाकायला हवा. आपल्याकडे याला एक नेमका शब्द आहे, वशिला. पण हा वशिला पैसे चारून मिळणारा नव्हता. तो वीसतीस वर्षं खाली मान घालून वागल्यावर मिळायचा.

म्हणून त्या यादीतल्या ‘कजाग’ या शब्दापाशी मी सारखी अडखळते. इंग्लंडात कजागपणा हा नुसता स्वभावदोष नव्हता, तो गुन्हा होता, आणि तो फक्त बायकांवर लागू होता. शेजारपाजाऱ्यांशी सतत तंटा करणाऱ्या बाईवर खटला भरता येई आणि शिक्षा म्हणून तिला खुर्चीत बांधून तळ्यात बुचकळत. कायद्याच्या पुस्तकातून हा गुन्हा काढला 1967 साली! आता बघा, नवरा मेलेला, मुलं लांब, पॅरिशकडून मिळणारे चार पैसे कारभाऱ्याने तोडले, म्हणून जी बाई त्याच्या दारात जाऊन तोंड सोडेल, तिचं काय? गावाच्या हिशेबी ती कजाग. दहा वर्षांनी खोली रिकामी होईल तेव्हा शिफारस याच कारभाऱ्याकडे मागायची. जिने निमूट सोसलं तिला खोली, जिने मागितलं तिला नाही.

अर्थात दाता समोर असला की गोष्ट वेगळी. लेडी ॲन क्लिफर्ड ही उत्तरेकडची मोठी जमीनदारीण. बापाच्या जहागिरीसाठी तिने जवळजवळ चाळीस वर्षं काका आणि चुलतभाऊ यांच्याशी भांडण चालवलं. खुद्द राजाने सांगितलं तरी सही केली नाही. (तिला कजाग म्हणायची मात्र कोणाची छाती नव्हती. जमीन असली की कजागपणाला बाणेदारपणा म्हणतात.) तिने ॲपलबी गावात 1651 साली धर्मादाय घराचा पाया घातला आणि दोन वर्षांत तिथे बाया राहायला आणल्या. कोणाला घेतलं ते तिने स्वतः लिहून ठेवलं आहे: बारा गरीब बाया, त्यांतल्या अकरा विधवा आणि बारावी एक पांगळी कुमारिका, त्यांच्यावर देखरेखीला ‘मदर’ म्हणून एका मृत पाद्रीची विधवा. बारा आणि एक, तेरा. येशू आणि त्याचे बारा शिष्य. हा आकडा या घरांमधून जागोजाग भेटतो. म्हणजे गावात गरजू चौदा असल्या, तर चौदावीने थांबायचं. पण ती पांगळी कुमारिका मला महत्त्वाची वाटते. ती विधवांच्या चौकटीत बसत नव्हती, तरी लेडी ॲनने तिला घेतलं. नियम लिहिणारी आणि माणूस पाहणारी एकच असेल, तर असं होऊ शकतं. विश्वस्तांच्या हाती नुसता कागद उरतो.

लेडी ॲनच्या आईने, मार्गारेट क्लिफर्डने, 1593 मध्ये यॉर्कशायरमधल्या बीम्स्लीला असंच घर सुरू केलं होतं. तेही तेराजणींचं. ती इमारत पाहण्यासारखी आहे. एक दगडी, गोल घर. बरोबर मधोमध प्रार्थनामंदिर आणि त्याच्या भोवती कडं केल्यासारख्या खोल्या. खोलीत जायची वाट मंदिरातूनच. पाणी घेऊन आलात, देवासमोरून जा. सरपण आणलंत, देवासमोरून जा. शेजारणीकडे दोन घटका गप्पा मारायला निघालात, तरी देव मध्ये. कोण कधी आलं, कोण कधी गेलं, हे बाकीच्यांना आपसूक कळणार. प्रवेशाची परीक्षा दारात संपत नव्हती, ती भिंतींमध्येच बांधून काढली होती. या गोल घरात विसाव्या शतकातही बाया राहत होत्या.

अंगावरच्या कपड्यांचंही तेच. कासल रायझिंगच्या बाया हॉवर्ड घराण्याचं चिन्ह लावलेला लाल झगा आणि काळी उंच टोकदार टोपी घालून चर्चला जात. तुम्ही म्हणाल, काय हा अपमान, म्हातारीला गणवेश! पण जरा थांबा. 1697 साली कायदा झाला की पॅरिशकडून मदत घेणाऱ्या गरिबाने खांद्यावर ‘पी’ हे अक्षर आणि पॅरिशचं आद्याक्षर शिवून हिंडायचं. ‘पी’ म्हणजे ‘पॉपर’, कंगाल. एकाच चर्चमध्ये एकीच्या खांद्यावर ‘पी’ आणि दुसरीच्या अंगावर सरदाराचा लाल झगा असेल, तर झगा मिरवायचाच ना! धर्मादाय घरात जागा मिळणं म्हणजे गरिबांमधली खानदानी होणं. ज्या चौदावीला जागा मिळाली नाही, तिच्या वाट्याला पॅरिशची भीक, आणि 1834 नंतर बहुतेक ठिकाणी वर्कहाउसची, म्हणजे गरिबांना कोंडून कामाला लावणाऱ्या सरकारी घराची, धमकी.

व्यापारी मंडळींची घरं थोडी निराळी. लंडनमध्ये सर रॉबर्ट जेफ्री नावाचा माजी महापौर 1704 मध्ये वारला. त्याच्या पैशातून लोखंडाच्या व्यापाऱ्यांच्या संघाने 1714 साली चौदा घरांची रांग बांधली. गुलामांच्या व्यापाराशी या जेफ्रीचा संबंध होता, म्हणून त्याचा पुतळा हलवावा की नाही यावर अलीकडे तिथे बरंच रण माजलं. तिथे आता संग्रहालय आहे. त्याआधीचं, 1666 चं, ब्रॉम्लीचं घर तर फक्त पाद्रींच्या विधवांसाठी, वीसजणींचं, आणि प्रत्येकीला वर्षाला वीस पौंड. ‘चांगल्या घरातली, पण दिवस फिरले’ या जातीच्या गरिबीला पुढे दोनशे वर्षं दान देणाऱ्यांकडे सगळ्यात जास्त भाव होता.

त्या भावाचा अक्षरशः लिलाव झाला एकोणिसाव्या शतकात. हा भाग ऐकून तुम्ही चकित व्हाल. वर्गणीवर चालणाऱ्या नव्या संस्था निघाल्या आणि वर्गणी वाढवायची म्हणून त्यांनी एक शक्कल काढली: वर्गणीदाराला मत. सर्वसाधारण दर असा की वर्षाला अर्धी गिनी दिलीत तर एक मत, एक गिनी दिलीत तर दोन. (गिनी म्हणजे पौंडाहून थोडी जास्त रक्कम.) कोणाला पेन्शन द्यायची, कोणाला आश्रमात घ्यायचं, हे निवडणुकीने ठरणार. म्हणजे उमेदवार कोण? साठ वर्षांची, अर्धी आंधळी विधवा. तिने आपल्या दुःखाची कार्डं छापून घ्यायची, वर्गणीदारांची यादी मिळवायची, शेकडो पत्रं लिहायची, टपालखर्च करायचा. हरली तर पुढच्या खेपेला पुन्हा उभी. बऱ्याच ठिकाणी आधीची मतं खात्यावर जमा राहत. मोजणीच्या दिवशी मतांची अदलाबदल चाले. तुमच्या म्हातारीला माझी दोन, माझ्या अनाथ पोराला तुमची तीन. ज्या म्हातारीच्या ओळखीत मोठी घरं, ती निवडून यायची. जिच्या मागे कोणीच नाही, म्हणजे जिला खरी गरज, ती पडायची.

गव्हर्नेस, म्हणजे श्रीमंतांच्या घरी राहून मुलांना शिकवणाऱ्या बायका, यांच्यासाठी 1840 च्या दशकात एक संस्था उभी राहिली. तिच्या एका निवडणुकीत वर्षाला वीस पौंडांच्या तीन पेन्शनी होत्या आणि उमेदवार होत्या 120. सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या. आयुष्यभर दुसऱ्यांची मुलं शिकवून झाल्यावर त्याच घरांना पत्र लिहायचं की बाईसाहेब, एक मत द्या. अपात्र माणूस निवडून आणायची याहून चांगली रीत नाही, अशा अर्थाचं फ्लॉरेन्स नाइटिंगेलने या पद्धतीबद्दल लिहिलं. 1873 मध्ये ही मतबाजी बंद करायला एक संघटनाच निघाली. तिच्या पुढाऱ्यांत सर चार्ल्स ट्रेव्हेल्यन होते, पूर्वी मद्रासचे गव्हर्नर. पद्धत मात्र लगेच गेली नाही. मत गेलं की वर्गणी आटेल, ही संस्थांची भीती.

1908 साली पार्लमेंटने वृद्धांच्या पेन्शनचा कायदा केला. सत्तरी ओलांडलेल्याला आठवड्याला जास्तीत जास्त पाच शिलिंग, पोस्टातून, 1 जानेवारी 1909 पासून. जुनी यादी त्यातही डोकावत होतीच: नुकताच तुरुंगात गेलेला नको, अंगात ताकद असून कामाची सवय नसलेला नको, आणि सुरुवातीची दोन वर्षं तर पॅरिशची मदत घेतलेलाही नको. तरी पेन्शन घ्यायला आलेल्यांत बायकाच जास्त होत्या.

पुन्हा तोच प्रश्न आला, वय कसं सिद्ध करायचं? 1909 मध्ये जी सत्तरीची, ती जन्मली तेव्हा सरकारी जन्मनोंद नुकतीच कुठे सुरू झालेली; पंच्याहत्तरीची असेल तर नोंदच नाही. तेव्हा अनेकींना पुन्हा चर्चच्या त्याच वहीकडे जावं लागलं. पाद्रीबाबांनी पानं उलटायची, बोट ठेवायचं आणि तारीख उतरवून द्यायची. बाई कजाग आहे का, हे त्यांना आता कोणी विचारत नव्हतं.